श्रोत्यांचा लोभ आणि ‘अमेझिंग ग्रेस’ : साद-प्रतिसादाच्या अंगाने एक विचार

प्रस्तावना

एखाद्या ध्वनिमुद्रिकेची लोकप्रियता आणि तिच्यावर श्रोत्यांचा असलेला लोभ या दोन भिन्न गोष्टी आहेत. लोकप्रियता विक्रीच्या आकड्यांनी मोजता येते व ती बहुधा अल्पजीवी असते. लोभ मात्र काळ लोटल्यावरच ओळखू येतो. ज्या ध्वनिमुद्रिकेकडे श्रोते पुनःपुन्हा वळतात, जी ते पुढच्या पिढीच्या हाती देतात, तिच्याविषयी केवळ ‘गाजलेली’ असे म्हणून भागत नाही. संगीतसमीक्षेने या लोभाकडे सहसा संशयाने पाहिले आहे. तो स्मरणरंजनाचा प्रकार आहे किंवा भावविवशतेचा आहे, असे मानून त्याचा विचार समाजशास्त्राकडे सोपविला जातो. परंतु श्रोत्यांचा लोभ हा कलाकृतीच्या घडणीतूनच निर्माण झालेला असेल, तर त्याची चिकित्सा करणे हे समीक्षेचेच काम ठरते.

प्रस्तुत लेखात अमेरिकन सोल गायिका अरीथा फ्रँकलिन यांच्या ‘अमेझिंग ग्रेस’ (१९७२) या ध्वनिमुद्रिकेच्या आधारे हा प्रश्न तपासावयाचा आहे. या ध्वनिमुद्रिकेत श्रोता हा गाण्याचा साक्षीदार नसून त्याचा घटक आहे आणि म्हणूनच नंतर ऐकणाऱ्या प्रत्येक श्रोत्यासाठी तिच्यात एक जागा आधीच राखलेली आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ध्वनिमुद्रणाची पार्श्वभूमी

अरीथा फ्रँकलिन यांचा जन्म २५ मार्च १९४२ रोजी मेम्फिस येथे झाला. त्यांचे बालपण डेट्रॉइट शहरात गेले. त्यांचे वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन हे तेथील न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाळक होते आणि त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या कृष्णवर्णीय अमेरिकन समाजात घरोघरी ऐकल्या जात. अरीथा यांचे पहिले ध्वनिमुद्रण १९५६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, याच चर्चमध्ये झाले. १९६० मध्ये त्या कोलंबिया कंपनीत दाखल झाल्या. तेथील सहा वर्षांत अपेक्षित यश लाभले नाही. पुढे अटलांटिक कंपनीसाठी १९६७ साली केलेल्या ध्वनिमुद्रणांनी, विशेषतः ऑटिस रेडिंग यांच्या ‘रिस्पेक्ट’ या गीताच्या गायनाने, त्यांना सोल संगीताच्या अग्रस्थानी नेऊन बसविले.

सोल संगीत म्हणजे स्थूलमानाने चर्चमधील गॉस्पेल गायनाची पद्धती आणि लौकिक ऱ्हिदम ॲण्ड ब्लूज संगीत यांचा संयोग होय. गायनाची तऱ्हा देवाच्या दारातील आणि आशय मानवी प्रेमाचा, अशी ही घडण असल्याने तिच्यात आरंभापासूनच एक ताण होता. सॅम कुक यांच्यासारखा गॉस्पेल गायक १९५७ मध्ये लौकिक संगीताकडे वळला, तेव्हा चर्चला जाणाऱ्या अनेक श्रोत्यांना तो विश्वासघात वाटला. असा गायक परत येऊ शकतो का, आणि आला तर त्याला कोणत्या भावनेने ऐकावयाचे, हा त्या समाजापुढील खराखुरा प्रश्न होता.

या पार्श्वभूमीवर १३ व १४ जानेवारी १९७२ या दोन रात्री लॉस एंजेलिसच्या वॉट्स परिसरातील न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये ‘अमेझिंग ग्रेस’चे ध्वनिमुद्रण झाले. हाच परिसर ऑगस्ट १९६५ मध्ये वांशिक असंतोषाच्या उद्रेकाने होरपळला होता. त्या दिवसांत तेथे ३४ माणसे मृत्युमुखी पडली होती. चर्चची वास्तू पूर्वी चित्रपटगृह होती. सूत्रसंचालन, पियानोवादन व काही ठिकाणी गायन अशी तिहेरी जबाबदारी रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड यांनी सांभाळली. त्यांच्या सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर या गायकवृंदाचे संचालन अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी केले. कॉर्नेल डुप्री (गिटार), चक रेनी (बेस गिटार) आणि बर्नार्ड पर्डी (ड्रम) हे अरीथा यांचे लौकिक संगीतातील साथीदारच येथे साथीला होते. दोन तबकड्यांचा हा संच त्याच वर्षी जून महिन्यात प्रकाशित झाला. तो ‘बिलबोर्ड’च्या सर्वसाधारण यादीत सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचला, त्याला १९७३ चे ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि अमेरिकेत त्याच्या २० लाखांहून अधिक प्रतींची नोंद झाली. गॉस्पेल संगीतासाठी हे यश असामान्य होते. तथापि या आकड्यांवरून लोभाचा उलगडा होत नाही. त्यासाठी गाण्यांकडेच वळावे लागते.

दाद आणि प्रतिसाद

आपल्याकडील मैफलीत श्रोता दाद देतो. दाद ही गायकाच्या कृतीनंतर येते. जे सिद्ध झाले त्याचे मोल ती करते. कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट उपासनेतील श्रोत्याचे कार्य याहून निराळे आहे. प्रवचनकाराच्या वा गायकाच्या वाक्यावर भाविकांकडून येणारा हुंकार त्या वाक्याला पूर्णत्व देतो आणि पुढचे वाक्य कोणत्या उंचीवरून सुरू व्हावे हेही सुचवितो. ही दाद नव्हे. हा प्रतिसाद होय. कार्यक्रमाच्या आरंभीच क्लीव्हलँड हे जमलेल्या लोकांना आपण एका चर्चमध्ये आहोत याचे स्मरण देतात आणि ध्वनिमुद्रणात मनापासून सहभागी होण्याचे आवाहन करतात. ध्वनिमुद्रणाच्या तंत्राने श्रोत्याला अदृश्य व निःशब्द केले होते. त्याला येथे पुन्हा बोलते करण्यात आले, असे म्हणता येईल.

मूळ संचातील पहिले गीत ‘मेरी, डोन्ट यू वीप’ हे या दृष्टीने लक्षणीय आहे. गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेल्या या गीतात दोन कथा एकत्र येतात. फारोच्या सैन्याचा समुद्रात झालेला नाश ही त्यांपैकी एक. दुसरी बेथानीच्या मरीया व मार्था यांचा भाऊ लाजर याच्या पुनरुत्थानाची. गायकवृंद दबक्या, झुलत्या लयीत ध्रुपद धरून ठेवतो आणि त्या आधारावर अरीथा कथा सांगू लागतात. योहानाच्या शुभवर्तमानात येशू लाजराला मोठ्याने एकदाच हाक मारतो. गॉस्पेल परंपरेत या एका हाकेच्या तीन हाका झाल्या आहेत. हा विस्तार पाल्हाळ नव्हे. पहिल्या हाकेनंतर श्रोते थांबतात, दुसरीनंतर त्यांचा धीर सुटू लागतो आणि तिसरी हाक येते तेव्हा कबरीतून कोण उठणार हे प्रत्येकाला ठाऊक असूनही सारे चर्च उसळते. परिणाम ठाऊक असलेल्या घटनेची उत्कंठा निर्माण करणे हे सामर्थ्य केवळ आवाजाचे नाही. वाट पाहणारी माणसे ऐकू येतात, म्हणून आपणही वाट पाहू लागतो. मृत माणूस उठून चालू लागतो त्या क्षणी अरीथा ‘नॅचरल वूमन’ या आपल्या १९६७ च्या लौकिक गाण्याची आठवण करून देणारा शब्दप्रयोग करतात. चर्च आणि बाजार यांच्यातील वाद येथे युक्तिवादाने नव्हे, तर एका शब्दाने मिटविला जातो.

शीर्षकगीताची रचना आणखी धाडसी आहे. ‘अमेझिंग ग्रेस’ हे पद इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन न्यूटन यांनी १७७२ च्या अखेरीस लिहिले व ते १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूटन हे पूर्वायुष्यात गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते आणि उत्तरायुष्यात त्यांनी त्या व्यापाराविरुद्ध लेखन केले. ज्यांच्या पूर्वजांना अशा जहाजांतून आणण्यात आले, त्यांनी हे पद आपलेसे करावे यातील गुंतागुंत दुर्लक्षिता येत नाही. अरीथा यांच्या गायनात ते जवळजवळ अकरा मिनिटे चालते आणि एवढ्या वेळात मूळ पदातील मोजकीच कडवी येतात. मुक्त लयीत एकेक अक्षर ताणले जाते, स्वरांच्या अनेक वळणांतून जाते, मध्येच थांबते. अशा ठिकाणी शब्दार्थ पुढे सरकत नाही, अनुभव मात्र सरकतो. गायिकेने घेतलेल्या प्रत्येक विरामात श्रोत्यांचे हुंकार ऐकू येतात आणि पुढचा स्वर त्या हुंकारांवर पाय ठेवूनच वर जातो. या गीताच्या वेळी क्लीव्हलँड यांना रडू आवरले नाही. पियानो सोडून ते बाजूला बसले, हे पुढे चित्रपटातून दिसले. ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला ते दिसत नव्हते. तरीही चर्चमध्ये काहीतरी अनावर होत आहे, हे त्याला १९७२ पासूनच कळत होते.

आठवणीची घडण

या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गीते तेथे जमलेल्या श्रोत्यांना आधीच पाठ होती. नवे गीत सादर करून त्यांना चकित करावे असा हेतू दिसत नाही. ‘प्रेशस लॉर्ड’ हे टॉमस डॉर्सी यांचे १९३२ चे गीत. पत्नी व नवजात अर्भक यांच्या मृत्यूनंतर त्यांनी ते लिहिले. हेच डॉर्सी त्याआधी मा रेनी या ब्लूज गायिकेचे पियानोवादक होते. अरीथा हे गीत कॅरोल किंग यांच्या ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ (१९७१) या तत्कालीन लौकिक गीताशी जोडून गातात आणि मित्र या शब्दाला ईश्वराचा अर्थ प्राप्त होतो. मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) या संचातील ‘होली होली’ हे गीतही येथे आहे. म्हणजे नुकतेच रेडिओवर ऐकलेले आणि आजीकडून ऐकलेले अशी दोन्ही प्रकारची गीते एकाच उपासनेत शेजारी बसतात. श्रोत्याला आपल्या ऐकण्याच्या आयुष्यातील काहीही चर्चबाहेर ठेवून यावे लागत नाही.

संचाचा शेवट ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ या गीताने होतो. हे गीत अरीथा यांनी चौदाव्या वर्षी ध्वनिमुद्रित केले होते. येथे त्या एकोणतीस वर्षांच्या आहेत. मधल्या पंधरा-सोळा वर्षांत त्यांना लौकिक कीर्ती मिळाली होती. जेथे कोणी वृद्ध होत नाही अशा प्रदेशाविषयीचे हे गीत पियानोवर स्वतः बसून त्या गातात, तेव्हा बालवयातील निरागस श्रद्धेच्या जागी अनुभवातून गेलेली श्रद्धा आल्याचे जाणवते. संचातील आपल्या छोट्या भाषणात सी. एल. फ्रँकलिन हे आपल्या मुलीने चर्च कधी सोडलेच नव्हते अशा आशयाचे उद्गार काढतात. पित्याचे प्रेम म्हणून ते ठीकच आहे. परंतु समीक्षकाला ते पूर्णतः स्वीकारता येणार नाही. त्या बाहेर गेल्या होत्या, ‘रिस्पेक्ट’ची ठसकेबाज लय आणि साथीदार त्यांनी तेथून मिळविले होते. हे सारे घेऊन त्या परतल्या, हेच या संचाचे मर्म आहे. परतलेल्या माणसाला जवळ करताना जो जिव्हाळा वाटतो, तो श्रोत्यांच्या हुंकारांत ऐकू येतो. ज्याला कधी ना कधी घरापासून दूर जावे लागले आहे, अशा कोणत्याही श्रोत्याला तो ओळखीचा वाटावा.

अन्य कारणांची तपासणी

या लोभाची अन्य कारणे संभवतात. त्यांचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिले कारण स्मरणरंजनाचे. १९७२ मध्ये तरुण असलेल्या श्रोत्यांच्या बाबतीत ते काही अंशी खरे असेल. परंतु १९९९ मध्ये दोन्ही रात्रींचे संपूर्ण ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे प्रकाशित झाले आणि पुढे २०१८ मध्ये चित्रपट आला, तेव्हा तो ऐकणाऱ्यांत त्या रात्रींनंतर जन्मलेले असंख्य श्रोते होते. जो काळ आपण जगलोच नाही त्याचे स्मरणरंजन कसे करणार?

दुसरे कारण श्रद्धेचे. आशय उघडपणे ख्रिस्ती असल्याने श्रद्धावंतांना तो प्रिय असणे स्वाभाविक आहे. तथापि अन्य धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारे श्रोतेही या संचावर लोभ करतात. येथे भारतीय साहित्यशास्त्रातील ‘सहृदय’ ही संकल्पना उपयोगी पडते. सहृदयाला वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची पात्रता लागते. त्या विषयावर त्याची श्रद्धा असावीच लागते असे नाही. फरक एवढाच की, अभिनवगुप्तांचा सहृदय ती पात्रता काव्याच्या अभ्यासाने मिळवितो, तर येथे ती शेजारच्या बाकावरील माणसांकडून मिळते. कोठे थांबावे, कोठे हुंकार द्यावा हे ध्वनिमुद्रणातील श्रोतेच नवख्या श्रोत्याला शिकवितात.

तिसरे कारण आवाजाचे. अरीथा यांचा आवाज येथे ऐन भरात आहे, यात शंका नाही. परंतु त्याच काळातील त्यांच्या अन्य ध्वनिमुद्रिकांतही तोच आवाज आहे. शिवाय १९८७ साली त्यांनी ‘वन लॉर्ड, वन फेथ, वन बॅप्टिझम’ हा दुसरा गॉस्पेल संच डेट्रॉइटच्या न्यू बेथेल चर्चमध्येच श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित केला. त्यालाही ग्रॅमी मिळाले. तेथेही श्रोते आहेत आणि त्यांचे आवाजही आहेत. तरी त्या संचाला ‘अमेझिंग ग्रेस’चे स्थान लाभले नाही. त्यात भाषणे व प्रार्थना यांना बरीच जागा दिलेली आहे आणि गाणे व श्रोते आळीपाळीने ऐकू येतात. यावरून आपल्या प्रतिपादनाला एक आवश्यक मर्यादा घालावी लागते. श्रोत्यांची केवळ उपस्थिती पुरेशी नाही. त्यांच्या प्रतिसादाने गाण्याचा आकार ठरत असेल, तरच नंतरच्या श्रोत्याला त्यात शिरकाव मिळतो.

लोभाचा हक्क किती?

या संचाचा विचार त्याच्या चित्रपटाशिवाय पुरा होत नाही. दोन्ही रात्रींचे चित्रीकरण सिडनी पोलॅक यांच्या दिग्दर्शनाखाली वॉर्नर ब्रदर्ससाठी करण्यात आले होते. मात्र चित्रीकरणाच्या वेळी क्लॅपर बोर्डाचा वापर न झाल्याने सुमारे वीस तासांच्या चित्रफितीशी ध्वनीचा मेळ बसविता आला नाही आणि चित्रपट पडून राहिला. निर्माते ॲलन इलियट यांनी २००७ मध्ये त्याचे हक्क मिळविले. पोलॅक यांचे २००८ मध्ये निधन झाले. संगणकीय तंत्राने चित्र व ध्वनी यांचा मेळ बसल्यावर प्रदर्शनाची वेळ आली, तेव्हा खुद्द अरीथा यांनी विरोध केला. २०११ मध्ये त्या न्यायालयात गेल्या. २०१५ मध्ये टेल्युराइड महोत्सवातील प्रदर्शन त्यांनी न्यायालयाच्या मनाई हुकुमाने थांबविले. १६ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. कुटुंबीयांच्या संमतीनंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे चित्रपट प्रथम दाखविण्यात आला.

आज हा चित्रपट पाहताना आनंद होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या रात्री पहिल्या रांगांत बसलेल्या, ‘हाउ आय गॉट ओव्हर’च्या रचनाकार क्लारा वॉर्ड दिसतात, मागच्या बाजूला रोलिंग स्टोन्सचे मिक जॅगर व चार्ली वॉट्स दिसतात, गाणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरील घाम पुसणारे वडील दिसतात. परंतु हा आनंद गायिकेच्या हयातीतील स्पष्ट नकार ओलांडून आपल्यापर्यंत आलेला आहे. श्रोत्यांचा लोभ कलाकृतीत त्यांना जागा मिळवून देतो असे आपण म्हटले, तर त्या लोभाने कलावंताच्या नकारावर मात करावी काय, हा प्रश्न टाळता येत नाही. प्रतिसादाच्या परंपरेतच याचे उत्तर सापडते. प्रतिसाद हा सादेनंतर येतो. सादेविना येणारा हुंकार ही केवळ मागणी असते. ध्वनिमुद्रिका ही अरीथा यांनी स्वतः घातलेली साद होती. निर्मात्यांच्या नावांत जेरी वेक्सलर व आरिफ मार्डिन यांच्यासमवेत त्यांचेही नाव आहे. चित्रपटाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. म्हणून चित्रपट हा मोलाचा दस्तऐवज मानूनही, श्रोत्यांच्या लोभाचे अधिष्ठान ध्वनिमुद्रिका हेच आहे, असे या लेखाचे मत आहे. चित्रपटाने तो लोभ निर्माण केला नाही. शेहेचाळीस वर्षे चित्राविना तो टिकून होता.

समारोप

‘अमेझिंग ग्रेस’वरील लोभाला स्मरणरंजन, श्रद्धा किंवा आवाजाची मोहिनी यांपैकी कोणतेही एक कारण पुरत नाही. गायिका, गायकवृंद आणि भाविक यांच्यातील साद-प्रतिसाद हीच या संचाची रचना आहे. त्या रचनेत परिचित गीते नव्या अनुभवासह परत येतात, आणि दूर गेलेल्या व्यक्तीचे परतणे हा तिचा अंतःस्थ विषय आहे. या तिन्हींमुळे पुढील श्रोत्याला प्रेक्षकाच्या नव्हे, तर सहभागी व्यक्तीच्या नात्याने प्रवेश मिळतो.

समीक्षेच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष असा की, श्रोत्यांचा दीर्घकालीन लोभ हा कलाकृतीबाहेरील अपघात मानून बाजूस सारू नये. तो कलाकृतीच्या कोणत्या अंगाला धरून आहे हे शोधावे आणि मग त्याच्या मर्यादाही निःसंकोचपणे सांगाव्यात. कारण हा लोभ कलावंताकडे हक्काने काही मागू लागतो, तेव्हा त्याला आवर घालण्याचे भान त्याच सादेतून मिळते, जिला तो एकेकाळी उत्तर म्हणून उमटला होता.